जीपगाडीच्या पुढील चाकांची थरथर व तिचें निदान

कुंडल, पलूस, ताकारी या पट्ट्यांत ज्याची थोडीबहुत बागायत आहे अशा पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत ट्रॅक्टरशेजारीं एखादी जुनी जीपगाडी अद्यापि उभी दिसते. नव्या मोटारी आल्या, दुचाकी तर घरोघर झाली. तथापि खताचीं पोतीं, दुधाच्या किटल्या, दुरुस्तीस काढलेला पाण्याचा पंप आणि वर चार-पांच गडी घेऊन ओल्या वाटेनें रानांत उतरावयाचें असेल, तर या गाडीची सर दुसरीस नाहीं, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. विलीज जातीच्या जीपगाड्यांचे सुटे भाग आणून त्या मुंबईस जोडण्याचा उद्योग महिंद्र कंपनीनें १९४७ च्या सुमारास हातीं घेतला. तेव्हांपासून सी-जे, एम-एम ५४०, एम-एम ५५०, कमांडर अशा नांवांनीं या गाडीचा वंश वाढत गेला. आमच्या भागांतील वडापाचा धंदा एके काळीं बराचसा कमांडरवरच चालला. यांपैकीं पुष्कळ गाड्या आतां पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या. म्हातारपणीं माणसाचे सांधे धरतात, या गाडीचे सांधे सुटतात, एवढाच काय तो फरक. त्या सुटलेल्या सांध्यांतून जो एक भयंकर रोग उद्भवतो, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोगाचें लक्षण असें. गाडी सरळ सडकेनें ताशीं ५०-६० किलोमीटरच्या वेगानें निमूटपणें चाललेली असते. मध्येंच एखादा खड्डा, पुलाचा सांधा किंवा कालव्याच्या मोरीवरील उंचवटा लागतो. एका चाकास धक्का बसतो, आणि पापणी लवते न लवते तोंच पुढील दोन्ही चाकें डावी-उजवीकडे अशा जोरानें झटके देऊं लागतात कीं, स्टेअरिंग हातांतून हिसकलें जातें, बोनेट उड्या घेतें, मागें बसलेल्यांचे दांत एकमेकांवर आपटतात, आणि गाडी आतां मोडून पडते कीं काय असें वाटतें. विशेष हें कीं, खड्डा मागें पडला तरी हा प्रकार थांबत नाहीं. वेग अगदीं मंदावल्याखेरीज, कित्येकदां गाडी उभी राहिल्याखेरीज, चाकें शांत होत नाहींत. आमच्याकडील मिस्त्री यास 'वॉबलिंग' म्हणतात. अमेरिकेंत, जेथें ही गाडी जन्मली, तेथील लोकांनीं यास 'मृत्यूची थरथर' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. आणि ज्यानें हा प्रसंग एकदां पाहिला तो त्या नांवास अतिशयोक्ति म्हणणार नाहीं. उसाच्या हंगामांत आमच्या रस्त्यांवर समोरून दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर येत असतात, कडेनें बैलगाड्यांची रांग असते. अशा ठिकाणीं गाडी दोन हात जरी बाजूस गेली तरी काय होईल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

म्हणून निदानाच्या अगोदर, प्रसंगीं काय करावें तें सांगतों. एकाएकीं जोरानें ब्रेक दाबूं नये. त्यानें भार पुढील चाकांवर येतो व गाडी एका अंगास ओढली जाण्याचा संभव असतो. ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा. स्टेअरिंग दोन्ही हातांनीं धरावें, परंतु त्याच्याशीं कुस्ती खेळूं नये, आणि आंगठे चक्राच्या आंतील बाजूस अडकवून ठेवूं नयेत. एका झटक्यांत आंगठा मोडतो. हलक्या ब्रेकानें वेग उतरवीत डाव्या अंगास घेऊन थांबावें. थांबल्यावर थरथर गेली, म्हणून पुन्हा पहिला वेग धरणें हा शुद्ध वेडेपणा होय. गाडी तेथेंच ठेवतां आली तर उत्तम. हलविणें भागच असेल तर माणसें उतरवून, चालत्या बैलगाडीच्या वेगानें, जवळच्या मिस्त्र्याकडे न्यावी.

आम्ही यंत्रविद्येचे पदवीधर नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. आमचें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें. परंतु पीकपाहणी, पंचनामे, पुराच्या दिवसांतील फिरती या निमित्तांनीं अशा गाड्यांतून हिंडणें पुष्कळ घडलें, आणि गाडी बिघडून रस्त्यावर उभी राहिली म्हणजे मिस्त्र्याच्या शेजारीं उकिडवें बसून तो काय करितो हें पाहण्याची आम्हांस संवय लागली. जें पाहिलें, विचारलें व मागून पुस्तकांशीं ताडून घेतलें, तेंच येथें देत आहों.

प्रथम ही थरथर दुसऱ्या कांहीं किरकोळ थरथरींपासून वेगळी ओळखिली पाहिजे. गाडीचा वेग एका ठराविक आंकड्यावर आला कीं स्टेअरिंग बारीक कांपूं लागतें व वेग कमी-अधिक केला कीं तें थांबतें, हा दोष बहुधा चाकाच्या तोलाचा असतो. ब्रेक दाबला असतांच कंप होतो, तो दोष ब्रेकच्या ड्रमाचा किंवा तबकडीचा. या दोहोंचा उपचार सोपा आहे. त्यांतही आमच्याकडे एक कारण असें आहे कीं, त्यास पैसाही लागत नाहीं. काळ्या रानांतून गाडी बाहेर आली म्हणजे रिंगाच्या आंतील अंगास चिखल बसतो, तो दोन दिवसांत वाळून विटेसारखा होतो, आणि तेवढ्या ओझ्यानें चाकाचा तोल जातो. बाहेरून गाडी स्वच्छ धुतलेली असते, पण आंतील बाजूस कोणाचा हात गेलेला नसतो. सबब मिस्त्र्याकडे जाण्यापूर्वीं रिंगें आंतून खरवडून धुवावीं व चारही टायरांतील हवा मोजून घ्यावी. इतकें करून जी थरथर उरते, जी धक्क्यानें सुरू होते व वेग मोडल्यावांचून थांबत नाहीं, तीच आमच्या लेखाचा विषय होय.

ती होते कशी? बैलगाडीचें उदाहरण घेऊं. आंस झिजला किंवा तुंब्यांतील भोंक मोठें झालें, म्हणजे चाक चालतांना डुलतें. परंतु बैलगाडी डुलत-डुलत बाजारास पोंचते, तिचें कांहीं बिघडत नाहीं. कारण तिचा वेग बैलाच्या पावलाचा. जीपगाडीचें पुढील चाक नुसतें फिरत नाहीं, तें भोवऱ्याप्रमाणें गरगरत असतें, आणि गरगरणाऱ्या वस्तूचा एक चमत्कारिक गुण आहे. वाचकांनीं घरीं हा प्रयोग करून पाहावा. सायकलीचें पुढील चाक काढून त्याच्या आंसाचीं दोन्ही टोकें दोन हातांत धरावीं, मुलाकडून चाकास जोराची फिरकी द्यावी, आणि मग एक हात वर व दुसरा खालीं करून चाक कलतें करण्याचा यत्न करावा. चाक नुसतें कलणार नाहीं. तें आपण होऊन बाजूस वळूं पाहील. हात वर-खालीं केला तर चाक डावी-उजवीकडे जातें, हा त्यांतील मतलब.

आतां जीपगाडीकडे वळूं. या जुन्या गाडीचीं पुढील दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर आहेत. डावें चाक उंचवट्यावर चढलें कीं सबंध आंस कलतो, आंस कलला कीं दोन्ही चाकें कलतात, आणि वरील प्रयोगाप्रमाणें तीं वळूं पाहतात. दोन्ही चाकें टायरॉडानें एकमेकांस बांधलेलीं असल्यामुळें एकाची ओढ दुसऱ्यास मिळते. पाटे आंसास मागें रेटतात, आंस उलट्या बाजूस कलतो, चाकें उलट्या बाजूस वळतात. हें झोक्यासारखें चालूं लागतें, आणि प्रत्येक हेलकाव्यास रेटा देण्यास धांवती गाडी व रस्त्यास धरणारा टायर हीं तयारच असतात. सांधे घट्ट असतील तर दोन-तीन हेलकाव्यांत हा झोका विझतो. सांधे ढिले असतील तर विझण्याऐवजीं वाढतो. अखंड आंसाच्या गाड्यांचा हा जन्मजात दोष आहे. १९३० नंतर अमेरिकेंत मॉरिस ऑली नांवाच्या एंजिनियरानें जनरल मोटर्स कंपनींत यावर पुष्कळ काम केलें, आणि १९३४ सालापासून तेथील मोटारींत पुढील चाकें एकमेकांपासून स्वतंत्र टांगण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्या कारणांत ही थरथर एक होती. आपल्याकडील बोलेरो किंवा २०२० सालीं निघालेली नवी थार यांचीं पुढील चाकें अशीं स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांस हा रोग या रूपांत सहसा होत नाहीं. उलट १९८५ सालीं निघालेली मारुति जिप्सी अखंड आंसाची व पाट्यांची असल्यामुळें तिलाही तो होतो.

येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. खड्डा हें या थरथरीचें निमित्त आहे, कारण नव्हे. टायराचा तोल हेंही बहुधा निमित्तच. खरें कारण कोठें तरी असलेली ढिलाई हें होय. हा भेद न केल्यामुळें आमच्या शेतकऱ्यांचा पैसा कसा जातो, याचें एक पाहिलेलें उदाहरण देतों.

कुंडलच्याच एका बागायतदारांची कमांडर गाडी दोन वर्षांपूर्वीं अशी थरथरूं लागली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजवाल्यानें टायर जुने झाल्याचें सांगून चारही नवे घातले. थरथर कांहीं दिवस बंद झाली व पुन्हा सुरू झाली. मग चाकांचा तोल व अलाइनमेंट असें दोनदां झालें. नंतर स्टेअरिंगास नवा डॅम्पर बसविला. त्यानें महिनाभर इतका आराम पडला कीं गाडीवाल्यांनीं मिस्त्र्यास जेवावयास बोलाविलें. दुसऱ्या महिन्यांत, घरचीं माणसें घेऊन देवदर्शनास जात असतां, एका मोरीवर गाडीनें असा झटका खाल्ला कीं ती रस्ता सोडून उसाच्या सरींत जाऊन उभी राहिली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं; परंतु घरांतील वडील बाईंनीं त्या गाडींत पुन्हा पाय ठेवावयाचा नाहीं असें सांगितलें, व गाडी भंगारांत घालण्याची भाषा सुरू झाली. तोंवर झालेला खर्च उसाच्या एका हप्त्याएवढा असेल. अखेरीस जवळच्याच एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानें गाडीखालीं शिरून अर्ध्या तासांत दोष काढिला. उजव्या बाजूचे किंगपिनचे बुश गेलेले होते व त्याच बाजूच्या पाट्याच्या शॅकलमधील रबरी बुश चुरा होऊन नुसता लोखंडावर लोखंड वाजत होता. नव्या टायरांपैकीं एकाच्याही किंमतीस हे बुश आले नाहींत. गाडी आजही चालते आहे.

त्या म्हाताऱ्या मिस्त्र्यानें वेगळें काय केलें? त्यानें कांहीं बदलण्याअगोदर हात लावून पाहिलें. ही त्याची रीत प्रत्येक गाडीवाल्यास करतां येण्यासारखी असल्यामुळें ती विस्तारानें सांगतों.

गाडी सपाट जागीं उभी करावी, एंजिन बंद ठेवावें, हँडब्रेक ओढावा व मागील चाकांस दगड लावावे. चाकें जमिनीवरच असावींत. जॅक लावूं नये, कारण सांध्यांवर गाडीचें ओझें असतांना जी ढिलाई दिसते ती चाक अधांतरीं असतांना कित्येकदां लपते. मुलास किंवा गड्यास आंत बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडें-थोडें, पण जलद, हलवावयास सांगावें. आपण खालीं निजून एकेका सांध्यावर हात ठेवावा. डोळ्यांवर विश्वासूं नये. डोळ्यांस न दिसणारी ढिलाई बोटांस टक-टक अशी कळते. आरंभ स्टेअरिंग बॉक्सपासून करावा. तो बॉक्स चासीवर ज्या बोल्टांनीं बसविला आहे ते ढिले आहेत काय, आणि त्यांच्या भोंवतीं चासीस चीर गेली आहे काय, हें गंज खरवडून पाहावें. जुन्या गाड्यांत ही चीर आम्हीं स्वतः पाहिली आहे, आणि ती दिसेपर्यंत दुसऱ्या कशाचाही संशय कोणास येत नाहीं. मग बॉक्समधून बाहेर येणारा हात, त्याचा नट, ड्रॅगलिंकचीं दोन्ही टोकें, टायरॉडचीं टोकें, असा हात पुढें नेत जावें. अगदीं जुन्या विलीज घाटाच्या गाडींत मधोमध बेलक्रँक असतो, त्याची पिन व बेअरिंग हमखास झिजतें. तेथें विशेष पाहावें. प्रत्येक ठिकाणीं प्रश्न एकच: या सांध्याच्या अलीकडचा भाग हलला तेव्हां पलीकडचा त्याच क्षणीं हलला कीं किंचित् मागून हलला? मागून हलला तर तो सांधा गेला.

येथें आमच्या जुन्या धंद्यांतील एक गोष्ट आठवते. जमिनीच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची व सोळा आण्यांची असे. वर्षानुवर्षें ती जमिनीवर ओढली गेली म्हणजे एकेका कडींत केसभर झीज होई. एक कडी हातांत घेऊन पाहिली तर कोणीही ती चांगली म्हणेल. पण सोळाही आण्यांतील केस-केस मिळून साखळी लांबे, क्षेत्र कागदावर कमी भरे, आणि दोन भाऊबंद बांधावरून कोर्टाची पायरी चढत. गाडीचें तसेंच आहे. पांच-सहा सांध्यांपैकीं प्रत्येक सांधा मिस्त्री हलवून 'एवढें चालतें' म्हणतो. एकेक चालतोही. सर्वांची बेरीज मात्र चालत नाहीं. स्टेअरिंग दोन बोटांहून अधिक फिरविल्याखेरीज चाक हलूं लागत नसेल, तर एकेका सांध्यास चांगलेपणाचा दाखला देऊन उपयोग नाहीं.

हलवाहलवी चालूं असतांनाच आंसाकडेही पाहावें. चाक वळण्याच्या आधीं आंसच पाट्यांसकट बाजूस सरकतो आहे असें दिसलें तर दोष पाट्यांच्या बुशांत, शॅकलच्या पिनांत किंवा यू-बोल्टांत आहे. या गाडींत पुढील आंस जागीं धरून ठेवणारें पाट्यांशिवाय दुसरें कांहींच नसतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पाटे म्हणजे केवळ धक्के झेलण्याचें साधन अशी समजूत आहे. पाट्यांतील मधला बोल्ट तुटला असेल तर आंस पुढें-मागें सरकून तिरका बसतो. आंसाच्या दोन्ही टोकांपासून चासीवरील एखाद्या ठराविक खुणेपर्यंतचें अंतर दोरीनें मोजलें कीं तें लागलीच उघडकीस येतें.

यानंतर एकेक पुढील चाक जॅकवर उचलावें व आंसाखालीं लांकडी ठोकळा घालून ठेवावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं कधींही शिरूं नये. चाकास वर व खालीं असे दोन हात धरून तें आपल्याकडे व पलीकडे हिसकावें. खटखट लागली तर ती एकतर हबच्या बेअरिंगाची असेल, नाहींतर किंगपिनची. या दोहोंतील निवाडा करण्याची युक्ति फार सोपी आहे व ती पुष्कळ मिस्त्र्यांसही सांगावी लागते: दुसऱ्या माणसास पायाचा ब्रेक दाबून धरावयास सांगावें व पुन्हा हिसकून पाहावें. ब्रेकामुळें चाक व त्यामागील नकल हीं एकजीव होतात. तेव्हां ब्रेक दाबतांच खटखट नाहींशी झाली तर दोष हबच्या बेअरिंगाचा. तशीच राहिली तर किंगपिनचा. हबचें बेअरिंग पुष्कळदां नुसतें आवळून घेतल्यानें काम भागतें. किंगपिन कांहीं गाड्यांत पितळी बुशांत फिरते, तेथें बुश नवे घालून रीमर फिरवावा लागतो. चारही चाकांस ओढ असलेल्या गाड्यांत वर-खालीं दोन निमुळतीं बेअरिंगें असतात व त्यांचा ताण पातळ पत्र्याच्या शिमांनीं ठरवितात. एखादी शीम काढली कीं ताण वाढतो. हा ताण हाताच्या अंदाजानें ठरवूं नये. टायरॉड सोडवून, नकलेच्या हातास स्प्रिंगचा वजनकांटा अडकवून ओढावा, व किती ओढीस नकल फिरूं लागते तें कंपनीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावें. कमी ताणानें थरथर होते. फाजील ताण दिला तर वळणानंतर स्टेअरिंग आपण होऊन सरळ येत नाहीं, आणि बेअरिंगही लौकर फुटतें. आमच्या अनुभवाप्रमाणें या रोगांत किंगपिन जितक्या वेळां दोषी निघते तितका दुसरा कोणताही भाग निघत नाहीं, आणि तिच्याकडेच सर्वांत शेवटीं पाहिलें जातें; कारण ती झांकलेली असते व तिच्या कामास वेळ लागतो.

ढिलाई कोठेंही नसून थरथर असेल, तर मग कोनांकडे वळावें. सायकलीचा पुढील चिमटा उभा नसून मागें कललेला असतो, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. त्या कलण्यामुळेंच हात सोडले तरी सायकल सरळ जाते. किंगपिनचें वरचें टोकही असेंच किंचित् मागें कललेलें असतें. विलीजच्या पुस्तकांत हा कल ३ अंश दिला आहे. हल्लीं तरुण मंडळींत जीप उंच करून रुंद टायर घालण्याची हौस फार आहे. त्यासाठीं पुढील शॅकल लांब घालतात. ज्या गाडीचें शॅकल पाट्याच्या पुढील टोकास आहे, तिचा पाटा त्यामुळें पुढें झुकतो, आंस पुढें वळतो व किंगपिनचा कल कमी होतो. वरून जड टायर. म्हणजे झोका थांबविणारी शक्ति कमी केली, आणि झोक्यास लागणारें ओझें वाढविलें! गाडी दिसावयास सिंहासारखी दिसते खरी, पण तिच्यांत बायकामुलें बसवून सडकेवर वेगानें नेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. गेलेला कल परत आणण्यासाठीं पाटा व आंस यांच्या मध्यें निमुळती पोलादी पाचर घालतात. पाचरीची जाड बाजू पुढें कीं मागें, हें कोन मोजूनच ठरवावें. उलटी बसली तर रोग दुप्पट होतो. तसाच कल प्रमाणाबाहेर वाढविणेंही चुकीचें. त्यानेंही चाकें हेलकावतात व स्टेअरिंग जड होतें.

दोन्ही चाकांचें तोंड पुढील बाजूस किंचित् जवळ असावें लागतें. विलीजच्या पुस्तकाप्रमाणें हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारें १ ते २.५ मिलिमीटर असावा. हें घरींही पाहतां येतें. दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर, पुढील बाजूस, आंसाच्या उंचीवर खडूची खूण करून टेपानें अंतर घ्यावें. मग गाडी हातानें पुढें ढकलून त्याच खुणा मागील बाजूस तेवढ्याच उंचीवर आल्या कीं पुन्हा अंतर घ्यावें. मागील अंतर वर सांगितल्याइतकें अधिक भरलें पाहिजे. हें काम मात्र सांधे दुरुस्त झाल्यानंतर करावें. ढिल्या सांध्यांवर केलेलें अलाइनमेंट गॅरेजच्या दारापर्यंतही टिकत नाहीं.

राहिला डॅम्पर. स्टेअरिंगचे झटके मऊ करणारी ही लहानशी नळी उपयोगी वस्तु आहे, परंतु ती औषध नव्हे. किडलेल्या दांतावर धरलेली लवंग आहे. कळ थांबते, कीड आंत चालूंच राहते. अमेरिकेंत २०१८ पासून निघालेल्या नव्या रँग्लर जीपगाड्यांतही ही थरथर होते अशा तक्रारी आल्यावर २०१९ सालीं कंपनीनें सुधारलेला डॅम्पर बसवून देण्याचें ठरविलें. पण ती नव्या, घट्ट सांध्यांच्या गाड्यांची गोष्ट. आपल्या तीस वर्षांच्या गाडीस डॅम्पर घालून तिचे सांधे न पाहणें यांत धोका असा कीं, थरथर दबून राहते तोंवर सांधे अधिकच झिजतात, आणि ज्या दिवशीं डॅम्परच्यानें आवरत नाहीं त्या दिवशीं ती पूर्वसूचनेवांचून येते. कुंडलच्या त्या गाडीचें नेमकें असेंच झालें. सबब डॅम्पर घालावयाचा तर सर्वांच्या शेवटीं घालावा, आणि तपासणीच्या वेळीं असलेला डॅम्परही सोडवून ठेवावा, म्हणजे ढिलाई लपणार नाहीं.

जातां जातां ट्रॅक्टरविषयीं. उसाचे ट्रेलर रिकामे घेऊन परत येतांना कित्येक ट्रॅक्टरांचीं पुढील चाकें अशींच हेलकावतांना दिसतात, व चालक त्याकडे हंसून पाहतात. ट्रॅक्टरचा पुढील आंस मधोमध एका पिनेवर झुलतो. त्या पिनेचा बुश, चाकांच्या उभ्या पिनांचे बुश व टायरॉडचीं टोकें हीं वर सांगितल्याप्रमाणेंच हात लावून पाहावीं. त्यांस वंगण घालण्याचे निपल असतात. ते मातीनें बुजलेले नाहींत ना, हें हंगाम सुरू होण्यापूर्वीं एकदां तरी पाहावें.

दुरुस्ती झाल्यावर गाडी प्रथम रिकामी, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, पहांटेच्या वेळीं न्यावी. वेग ताशीं ३० पासून पायरीपायरीनें वाढवावा, व ज्या मोरीवर पूर्वीं थरथर सुरू होई तीच मोरी प्रत्येक वेगानें ओलांडून पाहावी. एकदम ६० च्या वेगानें परीक्षा घेऊं नये. सर्व ठीक वाटलें तरी चारशें-पांचशें किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, शॅकलचे नट व स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट यांस पुन्हा पाना लावून पाहावा. कारण नवे पाटे व बुश जागीं बसतांना थोडे दबतात, आणि ते दबले तेवढा आवळलेला नट सैल पडतो.